पुसायची राहिलेली यादी

"मुक्ता शिरीष चिंचलकर, वय एकतीस. आजवर एकही कौशल्य शिकलेल्या नाहीत," तहसील कचेरीच्या खिडकीतलं यंत्र गोड आवाजात म्हणालं. "प्रत्येक रहिवाशानं दरवर्षी एक कौशल्य शिकणं सक्तीचं आहे. यंदा काय शिकणार?"

"अहो, कितीदा सांगू? माझी मुलगी सात वर्षांची असताना तापानं गेली!" शिरीषराव चिडले. हा त्यांचा तिसरा हेलपाटा होता.

"नोंद चालू आहे."

चालू राहणारच. तालुक्याच्या रहिवाशांची यादी शिरीषरावांनीच एकेकाळी संगणकावर चढवली होती. त्या जुन्या प्रोग्राममध्ये माणूस गेला की नावावर नुसती खूण व्हायची. खुणेची सगळी नावं कायमची पुसायला वेगळी आज्ञा द्यावी लागे. मुक्ताच्या नावावर खूण केली त्यानंतर ती आज्ञा द्यायला त्यांचा हात कधी धजलाच नाही. नव्या यंत्रांनी यादी जशीच्या तशी उचलली. खूण काही त्यांना वाचता आली नाही. मागच्या रांगेत चाळीसेक माणसं आपापल्या गेलेल्यांच्या नावानं आलेल्या अशाच नोटिसा घेऊन उभी होती.

"मला ती पुसायची आज्ञा लिहू द्या, एक ओळ. एकच."

खिडकीपाशी बसलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "काका, माणसानं प्रोग्राम लिहायला बंदी आहे आता."

"मग मी काय शिकू, म्हणजे माझं कुणी ऐकेल?"

"शिरीष चिंचलकर," यंत्र म्हणालं, "आपल्याला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. आपली नोंद बंद केली आहे. मुक्ता काय शिकणार?"

शिरीषरावांनी हातातल्या नोटिशीची घडी करून ती खिशात ठेवली.

"सायकल," ते म्हणाले. "सायकल शिकायची होती तिला."

"नोंदवलं. सोमवारी सकाळी सातला त्यांना मैदानावर पाठवा."