लख्ख चाकू

आमच्या ह्यांना जुने घडीचे चाकू जमवायचा भारी नाद. काल त्यातला एक काळवंडलेला, पणजोबांच्या वयाचा चाकू मी भांड्यांच्या पावडरीने घासून लख्ख केला, तर आज सकाळपासून ह्यांनी घर डोक्यावर घेतलंय.

"अगं, मऊ फडकं आणि तेलाचा एक थेंब, बस! इतक्या वर्षांचा तो काळपटपणा हीच तर त्याची शान होती. तू त्याचं वयच पुसून टाकलंस! जुन्याचं वय दिसायलाच हवं, त्यात लाज कसली?"

"चुकलंच माझं. आता जरा मान हलवू नका," असं म्हणत मी ह्यांच्या कानामागच्या उरलेल्या पांढऱ्या केसांना कलप लावला.