काकूंना काही आजार?

"काकूंना काही आजार?" विम्याच्या एजंटाने विचारलं. बाबांच्या निवृत्तीबरोबर कंपनीचा आरोग्यविमा संपणार होता, म्हणून दोघांचा नवा काढायचा होता.

"हिला काय धाड भरलीय? हिचा कमीत कमी रकमेचा काढा," बाबा म्हणाले.

मेथी निवडणारी आई थांबली. "आठ वर्षं बीपी आहे मला. ते लिहा. लपवलं तर ऐन वेळी हॉस्पिटलात हात वर कराल सगळे."

"मला कधी बोलली नाहीस ते."

"दर महिन्याला माझ्या गोळ्या तुम्हीच आणता. कशाच्या, ते विचारलंत कधी?"

मांडीवरच्या लेकीला थोपटत मी हसू दाबलं.

"बरं, काका, तुम्ही कुठल्या गोळ्या घेता?"

बाबांनी सवयीने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घालून मेथीचं पान खुडलं.