दुसऱ्याने पाहिल्याशिवाय

बाबांच्या खुर्चीत बसावं की नाही, हे अधिकाऱ्याला ठरवता येईना. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. शेवटी त्यांच्या मुलीनेच कीबोर्डवरचा बाबांचा चष्मा उचलला आणि म्हणाली, “बसा साहेब. डावीकडे जरा कलते, सांभाळून.”

तो बेताने बसला. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यातून आला होता. परदेशी कंपनीचं महागडं जोखड झुगारून खात्याने बाबांचा प्रोग्रॅम घेतला, तेव्हा मंत्र्यांनी तो ‘आपल्या मातीतला’ म्हणून गावभर मिरवला होता. प्रोग्रॅम खुला होता. कुणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. या ‘कुणीही’मध्ये सीमेपलीकडचेही येतात, हे मिरवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते विरोधकांनी आणून दिलं. बाबांच्या बरोबरीने तो लिहिणारा माणूस शेजारच्या देशातला होता, आणि त्या देशाचं नाव सध्या कुणी धड तोंडाने घेत नव्हतं.

चहाचा कप दोन्ही हातांत धरून अधिकाऱ्याने सगळं सांगितलं. वर फार ओरडा चाललाय. त्या माणसाचं काम तेवढं काढा, नाहीतर अख्खा प्रोग्रॅम मोडीत काढून पुन्हा कंपनीचे उंबरे झिजवा, असा हुकूम आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली आहे. तिने फक्त बाबांचं कुठलं आणि त्याचं कुठलं, एवढं दाखवावं. बाबांचं आम्ही जपू, ताई, असं तो दोनदा म्हणाला. मनापासून म्हणत होता.

तिला कोडमधलं ओ की ठो कळत नसे. पण या कामावरून झालेली भांडणं तिने वर्षानुवर्षं जेवताना ऐकली होती. पलीकडच्याला बाबा ‘व्याही’ म्हणायचे. पोरगी घरात बिनलग्नाची, आणि तुम्ही व्याही कुठून पैदा केलात, असं आई विचारायची. बाबा म्हणायचे, प्रत्येक गोष्टीत खोट काढतो आणि तरी संबंध तोडता येत नाही, त्याला दुसरं काय म्हणू? दोघे एकमेकांना कधी भेटले नव्हते.

“वेगळं नाही करता येणार,” ती म्हणाली. “दोघांचा एक नियम होता. आपण लिहिलेलं आपण प्रोग्रॅमच्या आत घालायचं नाही. दुसऱ्याने वाचायचं, ‘पाहिलं’ असं लिहायचं, आणि त्यानेच घालायचं. बाबांची एकेक ओळ व्याह्यांच्या हातून आत गेलीय. त्यांची बाबांच्या. तुम्ही काढणार कुठली?”

अधिकाऱ्याने कप खाली ठेवला. मग ज्यासाठी आला नव्हता, ते त्याने विचारलं. जुळ्यांचं काय झालं? जुळं जन्मलं की प्रोग्रॅम दुसऱ्या बाळाला पहिल्याचीच नक्कल समजतो आणि नोंद नाकारतो. खात्यात बाया दोन काखांत दोन पोरं घेऊन उभ्या राहतात, आणि त्यातलं एकच सरकारच्या लेखी जन्मलेलं असतं. त्याने तक्रार लिहिली होती. उत्तर आलं नव्हतं.

तिने संगणकाचा पडदा सुरू केला. एवढं तिला येत होतं. दुरुस्ती आलेली होती. बाबा इस्पितळात होते तेव्हाच व्याह्यांनी पाठवलेली. खाली एक ओळ: ‘सावकाश पाहा.’ बाबा गेल्याचं तिने त्यांना कळवलं होतं. बाबांच्या मृत्यूची नोंदही याच प्रोग्रॅमने करून घेतली होती, विनातक्रार. दुरुस्ती मात्र होती तिथेच होती.

“त्यांना एकट्याला घालता येत नाही का?”

“येते. घालत नाहीत.”

अधिकारी पडद्याकडे वळला. फायलींच्या ढिगात जाण्याआधी कधीकाळी तोही हेच काम करायचा. तिने कप उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन विसळला, मग उगाच पुन्हा विसळला. परत आली तेव्हा तो खुर्चीबरोबर डावीकडे कललेला होता आणि ओठ हलवत वाचत होता.

“तिळं झाली तर तिसरं अडकेल,” तो स्वतःशीच पुटपुटला.

मग त्याला आपण कुठे बसलोय ते आठवलं. हुकूम पायाशी ठेवलेल्या बॅगेत होता. त्याने बॅगेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याने तेच वाक्य टाइप केलं आणि पाठवून दिलं. पडद्यावर ते बाबांच्या नावाने उमटलं.

उत्तर लगेच आलं. ‘बरोबर. चूक माझी.’

मग आणखी एक ओळ.

‘तिकडे कोण आहे?’

अधिकाऱ्याची बोटं कीबोर्डवर थबकली. खात्याचं नाव सांगायची त्याला मुभा नव्हती आणि स्वतःचं सांगायची छाती होत नव्हती.

“काय लिहू, ताई?”

बाबांचा चष्मा मघापासून तिच्या मुठीतच होता. तिने तो पुसला, घडी घातली आणि डबीत ठेवला.

“लिहा, पाहतोय.”