पायरीवरची जागा

“आई, माझी जागा धरून ठेव!” खाणीवर निघालेला मेर्गेन बसच्या खिडकीतून ओरडला होता. तो आवाज कुलाशच्या कानातून कधी गेलाच नाही. नदीकाठच्या बागेत गाण्यांचा मेळा भरला, की ती नवऱ्याबरोबर पाण्यालगतच्या पायरीवर बसे, मधे एक जागा रिकामी ठेवून.

“आजी, सरका की! पायरी काय आंदण मिळालीय?” सूर्यफुलाच्या बिया सोलत एक पोरगी म्हणाली.

“लेक येतोय माझा.”

तिच्या नवऱ्याने, तुर्सिनने, मांडीवरचा दोन तारांचा दोम्ब्रा आवळून धरला. मरणाची बातमी तोंडाने सांगायची नसते, तारांनी ऐकवायची, अशी त्यांच्याकडची रीत. खाणीवर एकट्यानेच लेकाला माती देऊन आल्यापासून तो दर मेळ्याला दोम्ब्रा आणी आणि न वाजवताच परत नेई.

“अहो, आला बघा,” पाण्याकडे बघत कुलाश हळूच म्हणाली.

खाली पाण्यात कंदील थरथरत होते. पायरी दिसत होती, ती दोघं दिसत होती. मधली जागा भरलेली होती.

तुर्सिनने घाईने तार छेडली. तार हलली, पण आवाज उमटला तो पाण्यातून.

मग त्याने तोंडानेच सांगितलं, “कुलाश, आपला मेर्गेन मेला गं. या हातांनी मातीत ठेवला त्याला. मग पाण्यात तुझ्या खांद्यावर हे डोकं कुणाचं?”