खुडूक

"काकी, खुडूक म्हणजे काय गं?"

केतकीने विचारलं आणि कुंपणापलीकडे तिच्या मैत्रिणी खुसखुसल्या. मूल नसलेल्या काकीला अख्खी आळी पाठीमागे खुडूक म्हणायची. तिला तोंडावर विचारून दाखव, अशी पैज लागली होती, आणि केतकी हल्ली कुणाच्या बापाला घाबरत नव्हती.

खुराड्यातून अंडी काढणारा काकीचा हात थांबला. कुंपणाकडे एकदा बघून ती म्हणाली, "ये, दाखवते." कोपऱ्यात पिसं फुलवून एक कोंबडी बसली होती. "ही बघ खुडूक. अंडी द्यायची थांबलीय. आता हिच्याखाली कुणाचीही अंडी ठेव, अगदी बदकाचीसुद्धा, पोटची समजून उबवते. दाणे टिपायलाही उठत नाही बया."

"आणि पिल्लं मग कुणाची?" केतकीच्या तोंडून निघून गेलं.

"ज्याची त्याची," काकी हसली. "तुझ्या वेळी तुझी आई कावीळ होऊन दवाखान्यात पडली, तेव्हा तू माझ्याच कुशीत होतीस. ती बरी झाली, मग गेलीस तिच्याकडे."

"जिंकलीस गं!" कुंपणापलीकडून ओरडा आला. केतकीला मान वर करवेना.

घरी ताईच्या उद्याच्या डोहाळजेवणाची गडबड चालली होती. आई बाबांना हळूच सांगत होती, "जाऊबाईंना स्वयंपाकात गुंतवू, म्हणजे ओटी भरायला त्या पुढे येणार नाहीत."

"आई, बाबा," केतकी दारातूनच म्हणाली, "उद्या ताईची पहिली ओटी काकी भरेल. तिला हाताला धरून मी आणणार आहे."