दुसरा खळगा

बानी शहराच्या बाजारामागे मिरेया गाड्यांच्या सीटा शिवायची. नवरा विनिसियो मोटरसायकलवरून सवाऱ्या न्यायचा. त्याची खास लांब सीट तिनेच घडवलेली. आज फाटलेलं रेक्झिन उसवून तिने फोमवर हात फिरवला. पुढचा खळगा नवऱ्याचा. दुसरा त्याला खेटून होता. “इथे कोण बसतं रे?” “सवाऱ्या, दुसरं कोण?” “सवाऱ्या मागचा कॅरियर धरून टोकाला बसतात. तुझ्या कमरेला मिठी कोण मारतं?” “अगं, तूच की!” “मी शेवटची बसले दोन वर्षांपूर्वी, आईच्या मयताला.” तिने सुरी सीटच्या मधोमध टेकवली. पण घरातला भात मागच्या अर्ध्या सीटच्या भाड्यावरच शिजत होता. तिने खळगा नव्या फोमने भरला, रेक्झिन ताणून शिवलं. विनिसियोने सीट थोपटली. “झकास!” “तिला सांग,” दाताने दोरा तोडत मिरेया म्हणाली, “आठवडाभर कडक लागेल. मग सवय होते.”