व्हेनेसा कोण?

मुलाखत सुरू होण्याआधी फ्लॅवियाने आपल्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं, तू तेवढी खोलीबाहेर थांब.

व्हेनेसा तेव्हा आईच्या केसांतून फणी फिरवत होती. फोन समोर टेबलावर उभा केलेला. बाहेर म्हणजे कुठे, असं तिने विचारलं.

"गॅलरीत. कॅमेऱ्यात दिसू नकोस, एवढंच," फ्लॅविया म्हणाली. "मी सभागृहात काय बोललेय ते माहितीये ना तुला?"

माहीत नसायला काय झालं! अख्ख्या खोताच्या वाडीला माहीत होतं. फ्लॅविया परदेशात खासदार आहे, तिकडच्या संसदेत विरोधी बाकांवर बसते. परवा उभी राहिली आणि तिने मंत्र्यांना धारेवर धरलं. बाहेरून आलेली माणसं या देशात राबतात, कर भरतात. पण म्हाताऱ्या आईबापांना बोलवायचं म्हटलं की त्यांचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात. याचा जाब कोण देणार? मंत्र्यांनी नोंद घेतली असं सांगितलं, मंत्री सगळीकडे तेच सांगतात. मग फ्लॅवियाने स्वतःच्या आईची गोष्ट काढली. माझी आई मॉड मुंबईत एका जुन्या लाकडी घरात एकटी राहते, ती रात्री पडली तर उचलायला कोणी नाही. यावर टाळ्या पडल्या. शेजारच्या रूपर्ट अंकलनी तो व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावून सगळ्यांना दाखवला. 'एकटी राहते' हे वाक्य आलं की माणसं हळूच व्हेनेसाकडे बघत आणि लगेच दुसरीकडे बघत.

फ्लॅविया खोटं बोलली याचा व्हेनेसाला तितकासा राग नव्हता. राजकारणात पडलेलं माणूस बोलायचंच. पण त्या खोट्यावर आई रडली होती, तेही कौतुकाने. "कशी बोल्ली बग माझी पोरगी," हे तिचं दिवसभर चाललं होतं. ज्या पोरीने तिला सकाळी अंघोळ घातली, औषधं दिली आणि ऑफिसला दांडी मारून डॉक्टरकडे नेलं, ती तेव्हा तिच्या पायांना तेल लावत होती. मत्सर हे पाप आहे, हे व्हेनेसाला ठाऊक होतं. चर्चमध्ये कन्फेशनला जाऊन तिने ते कितीदा तरी सांगितलंही होतं. पण फ्लॅवियाचं नाव निघालं की पन्नाशी उलटलेल्या या बाईचा अजूनही जळफळाट व्हायचा.

आज तिकडच्या एका चॅनेलची बाई व्हिडिओ कॉलवर मॉडशी थेट प्रक्षेपणात बोलणार होती. मुलाखत जमली तर फ्लॅवियाच्या प्रश्नाला जोर चढणार होता. फसली तर सरकार पक्षाच्या हातात आयतं कोलीत.

व्हेनेसाने आईचा फ्रॉक सारखा केला आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. दार तिने पुरतं लावलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. तुमचं सगळं कोण बघतं, असं त्या बाईने विचारावं आणि आईच्या तोंडून, चुकून का होईना, आपलं नाव निघावं. मग फ्लॅवियाचं काय व्हायचं ते होवो.

मॉड बरी बोलत होती. नवरा मॅल्कम कधी गेला, जिना कसा चढवत नाही, सगळं तिने शाळेत शिकलेल्या इंग्रजीत नीट सांगितलं. मग त्या बाईने काहीतरी भरभर विचारलं. तिचे ते उच्चार मॉडला काही कळेनात. कळलं नाही की ती रोज जे करते तेच तिने केलं. मान वळवली आणि हाक मारली.

"व्हेनेसा, काय इचारते गो ही?"

गॅलरीत व्हेनेसाने तोंडावर हात दाबून धरला. खरं म्हणजे तिला हसू फुटत होतं. निघालं एकदाचं नाव, आणि तेही सगळ्या देशासमोर.

फोनवरच्या बाईने ते बरोबर पकडलं. व्हेनेसा कोण, असं तिने अगदी सावकाश, शब्द तोडून विचारलं. मॉडला हा प्रश्न मात्र स्वच्छ कळला. ती पुन्हा फोनकडे वळली.

"मांजर," तिने इंग्रजीत सांगितलं. "आमची मांजर हो. म्हातारी झालीय आता. पण घर सोडून कुठे जात नाही."

ती बाई हसली. एकटं माणूस मांजराशीच बोलणार, असं काहीतरी ती हळव्या आवाजात म्हणाली आणि मुलाखत पुढे सरकली. व्हेनेसा दाराआड तशीच उभी राहिली. आत जावं, कॅमेऱ्यासमोर उभं राहून फ्लॅवियाचं सगळं राजकारण धुळीला मिळवावं, असं तिच्या फार मनात आलं. दोन पावलांवर तर टेबल होतं. पण ती हलली नाही.

फोन बंद झाल्यावर मॉडने तिला आत बोलावलं. म्हातारी खुशीत होती, गाल लाल झाले होते.

"बग, कसं सांबाळून घेतलं मी फ्लॅवियाला," ती म्हणाली. "नायतर गेलीच होती ती."

व्हेनेसा तिच्या खुर्चीशी खाली बसली. तिला बोलायचं होतं, कधीपासूनचं सगळं बोलायचं होतं. तेवढ्यात मॉडने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू पन किती गप ऱ्हायलीस. शानी हाय माझी."

तो सुरकुतलेला हात व्हेनेसाच्या केसांवरून मानेपर्यंत आला आणि पुन्हा वर गेला. असा हात फक्त फ्लॅवियाच्या वाट्याला येतो, असं ती आजवर धरून चालली होती. तिने डोळे मिटले आणि मान आणखी थोडी खाली केली.